पडद्यावरचे चित्र आणि पडद्यामागचा हिशेब

विद्यार्थी मित्रांनो, स्नेहसंमेलनातला हा प्रसंग तुम्हीही पाहिला असेल. रंगमंचावर मुली नाचत आहेत. मागच्या पडद्यावर रात्रीचे आकाश आहे आणि त्यात चंद्र उगवायचा आहे. चंद्र उगवतो, पण पांढऱ्या चौकोनासकट! मग गोदावरीचे पाणी वाहू लागते, तेही ठेचकाळत. सभागृहात हशा पिकतो. महिनाभर सराव केलेल्या मुली हिरमुसतात, आणि सगळे म्हणतात, "कॉम्प्युटरने घोटाळा केला." मला हे मान्य नाही. घोटाळा होतो तो तयारीत, आणि तो टाळण्यापुरते विज्ञान तुमच्या पाठ्यपुस्तकात आहे.

आधी चंद्राचे पाहू. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' या नावाने काचेवर हाताने रंगवलेल्या चित्रांचे खेळ सुरू केले. दिव्याचा प्रकाश काचेतून आणि भिंगातून जाऊन पडद्यावर पडे. अशा कंदिलांच्या काचांवर आकृतीभोवतीची जागा काळ्या, अपारदर्शक रंगाने भरण्याची रीत होती. जेथून प्रकाश जात नाही, तेथे पडद्यावर काही उमटत नाही. दोन कंदिलांची चित्रे एकाच पडद्यावर टाकली, की प्रकाशाची बेरीज होते, आणि काळ्या भागाची भर शून्य! आजचा प्रोजेक्टरही काळा रंग फेकत नाही. तेथे तो प्रकाश अडवतो, इतकेच. म्हणून काळोख्या रंगमंचावर एकटा चंद्र दिसायला हवा असेल, तर त्याची पार्श्वभूमी काळी ठेवा.

चंद्र कॉम्प्युटरमध्येच दुसऱ्या चित्रावर बसवायचा असेल, तर रीत वेगळी. चित्रातील प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाचे तीन आकडे असतात. पारदर्शकतेसाठी चौथा आकडा लागतो : ० म्हणजे पूर्ण पारदर्शक, २५५ म्हणजे पूर्ण अपारदर्शक. मधल्या आकड्यांना पुढचे आणि मागचे चित्र त्या प्रमाणात मिसळते. जेपीजी प्रकारच्या चित्रात या चौथ्या आकड्याला जागाच नाही. कापलेला चंद्र त्यात साठवला, की रिकाम्या जागी रंग भरला जातो, बहुधा पांढरा. पीएनजी प्रकारात चौथा आकडा टिकतो. तरीही कडेला पांढरी रेघ उरू शकते, कारण कडेच्या ठिपक्यांत जुनी पांढरी पार्श्वभूमी आधीच मिसळलेली असते. चित्र काळ्या पार्श्वभूमीवर ठेवून पाहा. दोष लगेच दिसेल.

आता पाण्याचे. आपल्या नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) काढण्यापूर्वी वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली होती. ठरावीक काळाने एकेक चित्र घ्यायचे आणि मग ती भराभर दाखवायची. चित्रांमधील अंतर समान असेल, तरच रोप सलग वाढताना दिसते.

हे समान अंतर आपण कसे बिघडवतो पाहा. समजा, तुमचे चलच्चित्र सेकंदाला २४ चित्रांचे आहे, आणि प्रोजेक्टर सेकंदाला ६० वेळा पडदा नव्याने उजळतो. ६० भागिले २४ म्हणजे अडीच. अर्धी पाळी दाखवता येत नाही, म्हणून एक चित्र दोन पाळ्या टिकते आणि पुढचे तीन. पाणी ठेचकाळते ते यामुळे. चित्रण करतानाच ३० चा वेग निवडला असता, तर प्रत्येक चित्राला दोन पाळ्या मिळाल्या असत्या.

दुसरे कारण म्हणजे आकडेमोडीचा बोजा. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचे एक चित्र सुमारे ६२ लाख बाइटांचे होते. अशी ३० चित्रे म्हणजे सेकंदाला साडेअठरा कोटींहून अधिक बाइट. म्हणून चलच्चित्र आवळून साठवतात आणि दाखवताना कॉम्प्युटर ते उलगडतो. त्याच वेळी दहा कामे उघडी ठेवली, तर तो मागे पडणारच.

"बाहेरून माणूस बोलावला, की काम चोख होते," असे काही शिक्षक म्हणतील. होते, यात शंका नाही. पण मग शाळेला चोख कार्यक्रम मिळतो आणि मुलांना काहीच मिळत नाही. प्रकाशाची बेरीज, प्रमाण, भागाकार हे सारे ज्या एका टेबलावर एकत्र येते, त्या टेबलाशी नववीचा विद्यार्थी बसायला नको काय? गुरुजनांना माझी विनंती आहे : संमेलनाच्या आठवडाभर आधी त्याच सभागृहात, त्याच प्रोजेक्टरवर एक तालीम ठेवा आणि ती मुलांच्या हाती सोपवा. चुका होतील, पण त्या तालमीत होतील.

आणि मित्रांनो, यंदा चंद्र चौकोनासकट उगवला, तर कॉम्प्युटरला दोष देण्याआधी चौथा आकडा कुठे हरवला ते शोधा.