दीडशे जागांचा जिल्हा

आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासाठी 2007 साली केंद्राने कायदा केला. त्याच्या 19 व्या कलमानुसार राज्य सरकारला टप्प्याटप्प्याने वृद्धाश्रम काढता येतात. सुरुवात जिल्ह्याला किमान एकाने करायची आणि तिथे निदान 150 निराधार वृद्धांची सोय हवी. 2011 च्या जनगणनेत पुणे जिल्ह्याची लोकसंख्या 94 लाख होती, सिंधुदुर्गाची साडेआठ लाख. आकडा दोघांनाही तोच. महाराष्ट्राच्या 36 जिल्ह्यांत तो पुरा केला तरी जागा होतात 5,400. साठीपुढची माणसं त्या जनगणनेतच एक कोटीच्या वर होती. त्या सगळ्यांना जागा लागणार नाही, हे उघड आहे. मग किती जणांना लागेल? हे न विचारताच ठरवलेल्या संख्येला नियोजन म्हणता येत नाही.

हा विषय काढला की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: आपल्याकडे मुलं सांभाळतात, ही पाश्चात्त्यांची गरज आपल्यावर लादू नका. मुलं सांभाळतात, हे मलाही मान्य आहे; पण ती असतात कुठे? 2001 ते 2011 या दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. तरुण मुंबई-पुण्याला गेले, घरं म्हाताऱ्यांनी राखली. राज्याचा एकूण प्रजननदर 2019-21 मध्येच 1.7 वर आला होता, म्हणजे वाटून घ्यायला भावंडंही उरणार नाहीत. शिवाय ‘मुलं’ म्हणताना आपण प्रत्यक्षात सुनेबद्दल किंवा लेकीबद्दल बोलत असतो. नोकरी तिची सुटते, पाठ तिची धरते. संस्कृतीचा अभिमान बाळगायचा आणि तिचं सगळं ओझं एका बाईच्या अंगावर टाकायचं, हे मला अन्यायाचं वाटतं.

दुसरं उत्तर: वृद्धाश्रम आहेत की! आहेत, आणि त्यातले काही फार मायेने चालवले जातात. पण अनेक ठिकाणी प्रवेशाची अटच अशी असते की माणूस स्वतःचं स्वतः करणारा हवा. तो अंथरुणाला खिळला की घरच्यांना फोन जातो, घेऊन जा. म्हणजे गरज सर्वांत मोठी होते, नेमकं तेव्हाच दार बंद होतं. सत्तरीपुढच्यांना ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान भारतचं पाच लाखांचं संरक्षण मिळालं, ते स्वागतार्हच आहे. पण ते रुग्णालयात दाखल होण्यापुरतं आहे. मोडलेल्या खुब्याचं ऑपरेशन त्यात होईल. डिस्चार्जनंतर दर दोन तासांनी कूस बदलणं, पाठीला जखमा होऊ न देणं, डायपर, नळीतून भरवणं, हे सगळं महिनोन्‌महिने कोणी करायचं? ब्युरोची बाई दिवसरात्र ठेवणं पेन्शनरालाही जड जातं. शेतमजुराच्या घरी तर तो विचारही येत नाही.

तिसरा आक्षेप मात्र विचारी आहे. माणसाला आपल्या घरीच राहायचं असतं, तेव्हा संस्था बांधण्यापेक्षा घरपोच सेवा द्या, असं काही जाणकार म्हणतात. घरपोच सेवा हवीच, आणि आधी हवी. पण स्मृतिभ्रंश झालेला, रात्री उठून दाराबाहेर पडणारा नवरा आणि त्याला आवरू न शकणारी पंचाहत्तरीची बायको, अशा घराला दिवसातून एक तास येणारी परिचारिका पुरत नाही. दोन्हींचा मेळ घालता येतो. जपानने 2000 साली दीर्घकालीन शुश्रूषेचा सक्तीचा विमा सुरू केला. चाळिशीपासून प्रत्येकजण हप्ता भरतो. कोणाला किती मदत लागते, याची प्रतवारी होते आणि दर तीन वर्षांनी स्थानिक पालिका घरपोच सेवा किती, निवासी जागा किती, याचा आराखडा करतात. तिथेही माणसं रांगेत थांबतात, मनुष्यबळ अपुरं पडतं. पण तुटवडा किती आहे, हे त्यांना ठाऊक असतं.

आपल्यालाही ते कळू शकतं, आणि त्यासाठी नव्या आयोगाची गरज नाही. आशाताई घरोघरी आरोग्याचा जो तक्ता भरतात, त्यात खाणं, कपडे घालणं अशा रोजच्या कामांना दुसऱ्याची मदत लागते का, हे साठीपुढच्यांना विचारलं जातं. त्या उत्तरांची तालुकावार बेरीज करा. ती दरवर्षी जिल्हा नियोजन समितीपुढे ठेवा, आणि तिच्यावरून प्रत्येक तालुक्यात परावलंबी वृद्धांसाठी किती खाटा, किती प्रशिक्षित शुश्रूषक आणि किती घरभेटी लागतील ते ठरवा. खाटा तालुक्यातच हव्यात, म्हणजे लेकीला एसटीने जाऊन संध्याकाळी परतता येईल. फक्त निराधारांना प्रवेश ही अट काढा आणि ऐपतीप्रमाणे शुल्क घ्या. शुश्रूषकांना पक्की नोकरी आणि नीट पगार द्या. सिंधुदुर्गाला त्यातून कदाचित 600 खाटा लागतील, कदाचित 2,000. पण तो आकडा सिंधुदुर्गातल्या माणसांवरून आलेला असेल.