अ‍ॅपमध्ये ऊन, बाहेर गडगडाट: मे महिन्यात फोनवरच्या हवामानावर किती विसंबायचं?

मे महिन्यात रत्नागिरीला घरी गेलो की माझं एक काम ठरलेलं असतं. आई अंगणात आंबापोळीची ताटं मांडायला घेते आणि आधी विचारते, "बघ रे, तुझा मोबाइल काय म्हणतोय?" २०२५ च्या मे महिन्यात एकदा स्क्रीनवर पिवळाधमक सूर्य बघून मी म्हणालो, "मांड बिनधास्त." दुपारी साडेतीनला पूर्वेकडून काळं दाटून आलं आणि चारच्या आत सगळी ताटं भिजली. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती मोबाइलऐवजी आभाळाकडे बघायला लागली.

आता त्याच महिन्यातली दुसरी गोष्ट बघा. अरबी समुद्रात २२ मेच्या सुमारास कमी दाबाचं क्षेत्र तयार होईल, असं भारतीय हवामान विभागाने आधीच सांगितलं होतं. ते तयार झालं, त्याची तीव्रता वाढली आणि २४ मेला ते रत्नागिरीजवळच किनारा ओलांडून आत आलं. त्याच दिवशी मान्सून केरळात पोहोचला, २५ मेला देवगडपर्यंत आणि २६ मेला मुंबईत. मुंबईत मान्सून यायची नेहमीची तारीख ११ जून. म्हणजे तब्बल १६ दिवस आधी!

मग प्रश्न असा की शेकडो किलोमीटरची प्रणाली काही दिवस आधी दिसते, तर आमच्या अंगणातली एक सर का दिसत नाही? हे एकदा समजलं की कोणत्या अ‍ॅपवर कधी विश्वास ठेवायचा, हेही समजतं.

चौकोन मोठा, ढग छोटा

हवामानाचं मॉडेल पृथ्वीचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनासाठी तापमान, वारा, बाष्प यांची गणितं सोडवतं. भारतात बराच काळ साधारण १२ किमीच्या चौकोनांचं मॉडेल वापरात होतं. म्हणजे रत्नागिरी शहर ते हातखंबा एवढा भाग जवळपास एकाच चौकोनात! २६ मे २०२५ ला पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने, म्हणजे आयआयटीएमने, विकसित केलेली 'भारत फोरकास्ट सिस्टिम' सुरू झाली. तिचा चौकोन ६ किमीचा आहे. सुधारणा मोठी आहे, पण वळवाचा एखादा ढग असतोच काही किलोमीटरचा आणि तासाभरात संपूनही जातो. सहा किलोमीटरच्या जाळीतूनही तो निसटू शकतो.

कमी दाबाचं क्षेत्र मात्र असे कितीतरी चौकोन व्यापतं आणि दिवसेंदिवस टिकतं. म्हणून ते आधी दिसतं.

अ‍ॅपमधला '४० टक्के पाऊस' हा आकडाही नीट समजून घ्या. ४० टक्के भागात पाऊस किंवा ४० टक्के वेळ पाऊस, असा त्याचा अर्थ नाही. अशी परिस्थिती दहा वेळा आली तर साधारण चार वेळा पाऊस पडतो, एवढंच तो सांगतो. पडला तर किती जोरात, हे त्यात नाही. आणि अ‍ॅप त्या आकड्याचं एकच चित्र करून दाखवतं. सूर्याचं चित्र म्हणजे 'पाऊस नाही' अशी हमी नव्हे. माझी चूक तिथेच झाली.

रत्नागिरी दोन रडारच्या मध्ये

पुढच्या दोन-तीन तासांचं सांगायचं तर मॉडेलपेक्षा रडार कामाचं. पण रडारचा झोत जवळपास सरळ रेषेत जातो आणि पृथ्वी गोल आहे. त्यामुळे जितकं लांब जावं तितका झोत जमिनीपासून वर सरकतो. सरळ रेषेत मोजलं तर रत्नागिरीपासून पणजी साधारण पावणेदोनशे किमी आणि मुंबई सव्वादोनशे किमीच्या आसपास. पणजीच्या रडारवरून रत्नागिरीकडे पाहायचं तर झोत आपल्या डोक्यावरून दोन-तीन किमी उंचीवरून जाणार, मुंबईचा तर त्याहूनही वरून.

गडगडाटी ढग दहा-बारा किमी उंच वाढतो, म्हणून तो तरीही दिसतो. पण कमी उंचीच्या ढगांतून पडणारा जोरदार पाऊस पूर्ण दिसेलच असं नाही. कोकणात असा पाऊस काही दुर्मीळ नाही.

विजेसाठी वेगळी यंत्रणा

वीज चमकते तेव्हा रेडिओ लहरीही निघतात. आयआयटीएमने देशभर बसवलेले सेन्सर त्या पकडतात. कोणत्या सेन्सरपर्यंत लहर आधी पोहोचली आणि कोणत्या सेन्सरपर्यंत नंतर, या सेकंदाच्या अतिसूक्ष्म फरकावरून वीज कुठे पडली ते काढता येतं. याच माहितीवर 'दामिनी' अ‍ॅप चालतं आणि तुमच्यापासून २० व ४० किमीच्या परिघातल्या विजेबद्दल सावध करतं.

हे महत्त्वाचं का? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात वीज पडून २,८८७ माणसं गेली. आपल्याकडे मे महिन्यात बागेत आंब्याची शेवटची काढणी चालू असते, हातात झेला लावलेली लांब काठी असते आणि पाऊस आला की माणूस आडोशाला झाडाखालीच जातो. नेमकं तेच धोक्याचं.

इथे एक तांत्रिक मेख आहे. दामिनी फोनमध्ये असूनही अनेकांना सूचना येत नाही. अँड्रॉइडचा बॅटरी सेव्हर मागे चालणारी अ‍ॅप्स बंद करतो आणि लोकेशनची परवानगी 'फक्त अ‍ॅप वापरताना' एवढीच दिलेली असते. दोन्ही सेटिंग आजच बदला.

मग कधी काय बघायचं?

आठवडाभराचं नियोजन: अ‍ॅपमधलं तासातासाचं चित्र सोडा. हवामान विभागाचा जिल्हानिहाय इशारा बघा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा.

पुढचे तीन तास: हवामान विभागाचा 'नाऊकास्ट' आणि रडारची चित्रं. 'मौसम' अ‍ॅपमध्ये दोन्ही मिळतं.

पुढचा अर्धा तास: दामिनी आणि तुमचे कान. वीज दिसल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तीनने भागा, तितके किलोमीटर वीज लांब. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. आणि हो, मोबाइल वीज ओढून घेतो हा गैरसमज आहे. चार्जिंगला लावलेला फोन मात्र त्या वेळी हातात घेऊ नका.

इंटरनेट गेलं तर: २०२३ मध्ये सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले होते, आठवतंय? ती सेल ब्रॉडकास्टची चाचणी होती. यात टॉवर आपल्या परिसरातल्या सगळ्या फोनना एकदम संदेश पाठवतो, त्याला डेटा लागत नाही. तेव्हा वैतागून कुणी इमर्जन्सी अलर्ट बंद केले असतील तर परत चालू करा.

कॅलेंडर बदलतंय

कोकणातली आगोटीची कामं वर्षानुवर्षं जूनचा पहिला आठवडा धरून चालत आली आहेत. लाकूडफाटा, वाळवणं, उरलेला आंबा, सगळं त्या आधी. पण २०२० मध्ये ३ जूनला निसर्ग, २०२१ च्या मेमध्ये तौक्ते आणि २०२५ मध्ये २४ मे. एका वर्षावरून निष्कर्ष काढू नये हे खरं. पण आयआयटीएमच्या शास्त्रज्ञांच्या २०२१ मधल्या अभ्यासात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या २००१ ते २०१९ या काळात, आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत, ५२ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. समुद्र तापतोय आणि हवा एक अंशाने तापली की साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते.

म्हणजे जुनी तारीख पुरेशी नाही आणि नुसता सूर्याचा आयकॉनही पुरेसा नाही. आमच्या घरी आता आई आभाळ बघते, मी सकाळी जिल्ह्याचा इशारा आणि दुपारी दोननंतर रडार बघतो. ताटं अजूनही अंगणातच असतात, फक्त पडवीच्या जवळ.