हुंकार कोणी द्यायचा?

गोष्ट सांगणारी आजी मधेच थांबून ‘हुं म्हण रे’ असे बजावते, ते केवळ मूल जागे आहे की नाही हे पाहण्यासाठी नव्हे. त्या हुंकारावर तिच्या कथनाची गती ठरते. तो मंदावला की राक्षस लवकर मरतो. त्यात भीती उमटली की जंगल आणखी दाट होते. राजस्थानी बात-परंपरेत तर श्रोत्यांपैकी एकाने हुंकारा द्यावयाचा हा प्रघातच. मौखिक कथनाच्या अभ्यासात आपण सांगणाऱ्याच्या आवाजाकडे जितके लक्ष दिले, तितके या एकाक्षरी प्रतिसादाकडे दिलेले नाही. गोष्टींच्या द्वारे मुलांना भाषा शिकवू पाहणारी इलेक्ट्रॉनिक खेळणी पाहताना ही उणीव मला प्रकर्षाने जाणवली.

या खेळण्यांची परंपरा वाटते तितकी नवी नाही. एडिसनने १८९० मध्ये पोटात फोनोग्राफ बसविलेली बाहुली विक्रीस आणली. कळ फिरविली की ती बालगीत म्हणे. काही आठवड्यांतच ती बाजारातून उठली. १९८५ साली अमेरिकेत आलेल्या टेडी रक्स्पिन या अस्वलाच्या पाठीत कॅसेट असे. तिच्या एका मार्गिकेवर गोष्ट, दुसरीवर डोळे व तोंड हलविणाऱ्या सूचना. रचना चतुर खरी. परंतु मुलाने ‘हुं’ म्हटले काय आणि ते झोपी गेले काय, अस्वलाचे ओठ ठरल्या जागीच हलणार. अशा वस्तूंनाही ‘परस्परसंवादी’ हे विशेषण किती सहज चिकटते! २०१६ मध्ये ‘जामा पीडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात ॲना सोसा यांनी दहा ते सोळा महिन्यांची बालके व त्यांचे पालक अशा २६ जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुस्तक वा साधे खेळणे हाती असताना पालक जेवढे बोलत, त्याहून इलेक्ट्रॉनिक खेळणे असताना ते कमी बोलत. नमुना लहान आहे. तरी खेळणे बोलू लागले की घर गप्प होते, ही शंका त्याने निराधार ठरविली नाही एवढे खास.

म्हणून ही खेळणी सरसकट त्याज्य मानावी असे मात्र मला वाटत नाही. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या मीडिया लॅबमध्ये किमिको र्‍योकाई व जस्टिन कॅसेल यांनी तयार केलेली आणि १९९९ मध्ये विद्वानांपुढे मांडलेली ‘स्टोरीमॅट’ पाहावी. ही एक मऊ चटई. आपल्या गोधडीची आठवण व्हावी अशी, वर कापडी चित्रे शिवलेली. मूल हातातले कापडी खेळणे तिच्यावर फिरवीत गोष्ट रचते. चटई त्याचा आवाज आणि खेळण्याची वाट दोन्ही टिपून ठेवते. पुढे दुसरे मूल त्याच जागी आले की पहिल्याची गोष्ट त्याच्याच आवाजात ऐकू येते आणि खेळण्याची प्रतिमा चटईवर चालू लागते. ऐकणाऱ्याने मग आपली गोष्ट त्या गोष्टीला जोडावी. येथे यंत्र कथेकरी नाही. ते आधी श्रोता आहे आणि नंतर निरोप्या.

माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. या चटईला कोणतीही भाषा येत नाही. अहिराणी, वऱ्हाडी, गोंडी, मालवणी, काहीही बोला. ती तेच परत देईल. याउलट, उच्चार ओळखून उत्तर देणाऱ्या खेळण्याला आधी मुलाचे बोलणे ‘कळावे’ लागते, आणि ज्याला केवळ प्रमाणभाषा शिकविली आहे त्याच्यापुढे नंदुरबारच्या भिल्ल मुलाला आपले तोंडच दुरुस्त करून घ्यावे लागेल. शाळा हे काम गेली दीडशे वर्षे करीतच आली आहे. त्यासाठी बाहुलीची गरज नव्हती. ए. के. रामानुजन यांच्या १९९१ च्या भारतीय लोककथासंग्रहात एक तमिळ कथा आहे. मुलगे आणि सुना यांचा जाच सोसणारी म्हातारी मनातले कोणाला सांगू न शकल्याने फुगत जाते. शेवटी एका पडक्या घराच्या भिंतींना एकेक गाऱ्हाणे सांगते, तशी एकेक भिंत कोसळते आणि ती हलकी होते. भिंतीला तमिळ समजत होते की नाही, हा प्रश्न कथेत कोणी विचारीत नाही.

अर्थात् ऐकणारी भिंत ऐकलेले कोठे नेते, हे विचारलेच पाहिजे. २०१५ ची ‘हॅलो बार्बी’ मुलीचे बोलणे दूरच्या संगणकाकडे पाठवून तेथून उत्तर आणी. २०१७ मध्ये जर्मनीच्या नियामक संस्थेने ‘माय फ्रेंड केला’ ही बाहुली छुपे टेहळणीचे साधन ठरवून तिच्यावर बंदी घातली. गोधडीने ऐकलेले गोधडीतच राहिले पाहिजे.

आता भारतीय भाषांतही अशी खेळणी करू पाहणारे आमच्यासारख्या लोकसाहित्याच्या अभ्यासकांकडे येऊन ‘शंभर निवडक कथा, शुद्ध उच्चारांत’ मागतील. आपल्याजवळ त्या आहेत, आणि देण्याचा मोहही होईल. त्या देण्यापूर्वी खेळण्यात रिकामी फीत किती आहे, आणि ती भरण्याची कळ मुलाच्या हाताला सापडते का, एवढे मी तरी पाहून घेईन.