चूल मांडणारीला आधी विचारा



कलाकुसर म्हटली की रांगोळी, तोरण, गोधडीवरचा टाका एवढेच आपल्याला आठवते. आज मात्र अशा कारागिरीविषयी बोलायचे आहे, जिला कोणी बक्षीस देत नाही; पण जिच्यावर घरातली दोन वेळची भाकरी होते. ती म्हणजे मातीची चूल.

चुलीच्या शेजारचा वैल नीट पाहा. पुढे भाकरीचा तवा तापतो आणि उरलेली आच आतल्या वाटेने वैलाकडे जाते. तिथे डाळ शिजते, पाणी तापते, कालवण गरम राहते. एकाच जळणावर दोन भांडी! ज्या कोणा बाईने हे पहिल्यांदा केले तिचे नाव कुठेही लिहिलेले नाही. पण वाया जाणारी आच तिने पाहिली, तिला वाट करून दिली आणि सरपणाची एक मोळी वाचवली. घडवणे म्हणतात ते हेच. रोजच्या कामात काय वाया जाते, कुणाला त्रास होतो, हे पाहायचे आणि वस्तूचा आकार त्याप्रमाणे बदलायचा.

या चुलीत एक खोट मात्र राहिली, ती धुराची. फुंकणी हातात घेऊन डोळे पुसणारी माय आपल्या इतकी सवयीची झाली आहे की तो त्रास आहे हेच आपण विसरतो. धुराने डोळे चुरचुरतात एवढ्यावर ते थांबत नाही. वर्षानुवर्षे धूर छातीत गेला की दम्यासारखा श्वासाचा जुनाट विकार जडतो. चुलीजवळ खेळणाऱ्या तान्ह्या मुलांना न्यूमोनियाचा धोका वाढतो.

यावर उपाय शोधले गेले नाहीत असे नाही. वर्ध्याच्या मगनवाडीतून मगन चूल पुढे आली. हैदराबादला डॉ. एस. पी. राजू यांनी १९५३ च्या सुमारास बिनधुराच्या चुलीचा प्रसार केला. पुढे १९८३ साली केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि तो २००२ पर्यंत चालला. देशभर कोट्यवधी चुली बसल्या. पण त्यांतल्या पुष्कळशा काही दिवसांत पडून राहिल्या. असे का व्हावे?

उत्तर चुलीपुढे बसणारीपाशी होते. आपली भाकरी तव्यावर भाजली की निखाऱ्यापुढे उभी करून शेकावी लागते, तेव्हा ती फुगते. चुलीचे तोंड लहान केले तर ती शेकायची कुठे? भोक ठरावीक मापाचे, आणि घरातले पातेले लहान नाही तर मोठे. लाकूड बारीक फोडून घाला म्हणाले, पण फोडायचे कुणी? धुराडे काजळीने तुंबले, तर छपरावर चढायचे कुणी? कणसे, बियाणे चुलीवर टांगून धुराने किडीपासून राखायची रीत; त्याचे काय? हे प्रश्न आधी विचारले असते, तर चूल वेगळी घडली असती.

२०१६ पासून उज्ज्वला योजनेतून गरीब घरांतही गॅस आला, हे चांगलेच झाले. तरी सिलिंडर भरायला पैसे लागतात, आणि तुराट्या-पऱ्हाट्या शेतात फुकट असतात. म्हणून पुष्कळ घरांत चहा गॅसवर आणि भाकरी, अंघोळीचे पाणी चुलीवर, असे चालते. तेव्हा चूल आहे तोवर ती नीट असावी.

बिनखर्चाच्या किंवा थोड्या खर्चाच्या काही गोष्टी सांगतो. जळण जमिनीला टेकू देऊ नका. दोन विटांच्या तुकड्यांवर जुन्या लोखंडी सळ्या टाकून त्यावर लाकूड ठेवा. खालून वारा मिळाला की जाळ स्वच्छ होतो आणि धूर कमी निघतो. ओले लाकूड आधी आपले पाणी जाळते, मग तुमची डाळ शिजवते. म्हणून पावसाळ्याआधी सरपण आडोशाला रचा. डाळ आधी भिजवा, भांड्यावर झाकण ठेवा. भांडे आणि चुलीची कड यांत बोटभरच फट असू द्या. जास्त फट राहिली की आच बाहेर जाते. धुराडे बसवलेत तर ते आढ्याच्या वर दोन फूट काढा. गवताचे छप्पर असेल तर नळीभोवती पत्रा आणि मोकळी जागा हवीच, नाही तर आगीची भीती. आणि काजळी काढायचे काम घरातल्या गड्याने महिन्यातून दोनदा आपल्या अंगावर घ्यावे.

ओटा बांधणार असाल तर गवंड्याच्या मापावर जाऊ नका. जी रोज त्यापुढे उभी राहणार तिला सरळ उभे करा, हात कोपरात वाकवायला सांगा, आणि कोपराच्या चार ते सहा इंच खाली ओट्याची उंची धरा. दोन बोटांच्या चुकीने वीस वर्षे पाठ दुखते.

हीच दृष्टी खुरप्याच्या मुठीला लावा, पाण्याच्या माठाच्या तिवईला लावा, गोठ्यातल्या गव्हाणीला लावा. मूठ कुणाच्या हातात बसायची आहे? घागर कोण उचलणार? गव्हाणीतला किती चारा पायाखाली जातो? बाजारात वस्तू घेताना आपण किंमत विचारतो, रंग पाहतो. वापरणारीला मात्र घरी ठेवून जातो. म्हणून तर मुठीला चिंध्या गुंडाळाव्या लागतात.

घरधन्यांनो, एक करा. येत्या आठवड्यात एक दिवस चुलीजवळ पाट मांडून बसा, आणि जाळ पेटवण्यापासून भाकरी शेकेपर्यंत उठू नका. धूर कुठून कोंडतो, हात कितीदा लांबवावा लागतो, कमरेत कितीदा वाकावे लागते, हे मोजा. मग तिलाच विचारा, "यात काय बदलू?" ती पहिल्यांदा म्हणेल, "चाललंय की बरं." तेवढ्यावर उठू नका. पुन्हा विचारा, आणि ती सांगेल ते कागदावर लिहून घ्या. माती, भुसा आणि शेण घरचेच आहे. एका दुपारचे काम आहे.