नवी लक्झरी गाडी घेताय? सही करण्याआधी पगाराची तारीख आठवा



पन्नास पैशांसाठी सप्लायरशी अर्धा तास घासाघीस करणारा माणूस शोरूममध्ये तीन लाखांच्या ॲड-ऑनवर दोन मिनिटांत सही करतो. हे मी अनेकदा पाहिलंय. भोसरीत जॉब वर्क करणारे असोत, इचलकरंजीत लूम चालवणारे असोत, नाशिकचे द्राक्ष एक्सपोर्टर असोत, पंधरा-वीस वर्षं घासल्यावर पहिली मर्सिडीज, ऑडी किंवा बीएमडब्ल्यू घेताना सगळ्यांचं तेच होतं. घरचे सोबत असतात, पेढे आलेले असतात, पाडव्याचा मुहूर्त असतो. आणि समोर एक हसतमुख मुलगा कागद सरकवतो: एक्सटेंडेड वॉरंटी, सर्व्हिस पॅकेज, सिरॅमिक कोटिंग, टायर कव्हर, की कव्हर. "सर, साठ-सत्तर लाखांच्या गाडीत तीन लाखांचं काय एवढं!"

व्हिडिओत या विषयाला वेळ कमी पडला, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. तो मुलगा चोर नाही. तो त्याचं काम करतोय, आणि चांगलं करतोय. मी तुम्हाला सेल्सच्या सेशनमध्ये जे शिकवतो तेच तो करतोय: मोठी खरेदी झाली की लगेच छोटी पुढे करायची, कारण तेव्हा छोटी रक्कम आणखी छोटी वाटते. नव्या गाडीच्या किमतीवर डीलरला फार हात मारता येत नाही, म्हणून विमा, कोटिंग, ॲक्सेसरीज यांतून तो कमावतो. धंदा आहे. पण टेबलाच्या या बाजूला तुम्ही बसलेले असताना गिऱ्हाईक होऊ नका, मालक राहा.

माझी एकच कसोटी

"परवडतं का?" हा प्रश्न विचारूच नका. साठ लाखांची गाडी घेणाऱ्याला सगळंच परवडतं. प्रश्न असा विचारा: या गोष्टीचं बिल उद्या सकाळी अचानक आलं, तर माझ्या माणसांच्या पगाराची तारीख हुकेल का?

हुकणार असेल, तर तो धोका पैसे देऊन दुसऱ्याच्या गळ्यात घाला. हुकणार नसेल, तर तो स्वतः सोसा आणि पैसा धंद्यात फिरवा. हे तुम्हाला नवीन नाही. सीएनसी मशीनची एएमसी घेताना तुम्ही स्पिंडल आणि कंट्रोलरचा विचार करता. मशीन पुसायला कोणी एएमसी घेत नाही.

आता यादीला ही कसोटी लावून बघू.

घ्या: झीरो डेप, इंजिन प्रोटेक्ट, रिटर्न टू इन्व्हॉइस

साध्या विमा पॉलिसीत प्लास्टिक, रबर, बॅटरी, एअरबॅग यांच्या बदलीवर ५० टक्के घसारा कापतात. लक्झरी गाडीचा बंपर आणि हेडलॅम्प हे बहुतांश प्लास्टिकच. समजा पुढच्या धडकेत अशा भागांचं बिल ३ लाख आलं, तर दीड लाख तुमच्या खिशातून. झीरो डेप हा फरक भरून काढतं. वर्षाला किती क्लेम चालतात, याची मर्यादा काही पॉलिसींत असते, तेवढं विचारून घ्या.

इंजिन प्रोटेक्ट महाराष्ट्रात तरी सोडू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, २०१९ ला सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेलं. साध्या पॉलिसीत पुराचं नुकसान धरलेलं असतं, पण पाणी शिरलेल्या गाडीला कोणी सेल्फ मारला आणि इंजिन लॉक झालं, तर ते नुकसान कंपनी सहसा नाकारते. लक्झरी गाडीच्या इंजिनचं बिल लाखांत जातं. पगार हुकवणारं बिल म्हणतात ते हेच.

रिटर्न टू इन्व्हॉइस पहिल्या तीन वर्षांसाठी घ्या. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला, तर साधी पॉलिसी फक्त आयडीव्ही देते. नव्या गाडीचा आयडीव्ही एक्स-शोरूम किमतीच्या ९५ टक्के असतो, वर्ष उलटल्यावर घसारा २० टक्के, दोन वर्षांनंतर ३० टक्के धरतात. भरलेला रोड टॅक्स त्यात येत नाही. बँकेचं कर्ज मात्र तसंच उभं असतं. गाडी नाही आणि हप्ता चालू, ही अवस्था टाळायला हे कव्हर आहे.

हिशोब करून ठरवा: एक्सटेंडेड वॉरंटी आणि सर्व्हिस पॅकेज

एक्सटेंडेड वॉरंटीबद्दल माझं मत सरळ आहे. कंपनीची मूळ वॉरंटी संपल्यानंतरही गाडी ठेवणार असाल, तर घ्या. त्याआधीच विकून नवी घेणार असाल, तर सोडा. गिअरबॉक्स, एअर सस्पेन्शन, इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल यांतलं एक जरी गेलं तरी बिल बघून घाम फुटतो, आणि रस्त्यावरचा ओळखीचा मेकॅनिक इथे कामाला येत नाही. फक्त तीन गोष्टी लेखी घ्या. वॉरंटी गाडी बनवणाऱ्या कंपनीची आहे की डीलरने तिसऱ्याकडून आणलेली? कोणते भाग वगळलेत? आणि आज नाही घेतली तर कधीपर्यंत, किती रुपयांत मिळेल? "आजच घ्या, नंतर मिळणार नाही" हे बहुतेक वेळा खरं नसतं. मूळ वॉरंटी चालू असताना ती साधारणपणे नंतरही घेता येते, किंमत वाढू शकते एवढंच.

सर्व्हिस पॅकेजमध्ये धोका फारसा नाही, तो निव्वळ ॲडव्हान्स आहे. म्हणजे सप्लायरला आधी पैसे देऊन डिस्काउंट घ्यायचा, तसं. मग हिशोबही तसाच करा. वर्षाला तुमचं रनिंग किती? तेवढ्या सर्व्हिसचं सुटं बिल किती? पॅकेजमुळे वाचणारी रक्कम तुमच्या सीसी लिमिटच्या व्याजापेक्षा जास्त आहे का? असेल तर घ्या. त्यात फक्त ऑइल-फिल्टर आहे की ब्रेक पॅड, डिस्क, वायपरही आहेत, हे वाचल्याशिवाय सही नको. दोन पॅकेजांच्या किमतीतला फरक बहुधा तिथेच असतो.

सोडा, किंवा शौक म्हणून घ्या

*सिरॅमिक कोटिंग.* चमक येते, धुणं सोपं होतं. पण उडालेला दगड किंवा पार्किंगमधली किल्लीची ओरखड त्याने थांबत नाही. त्यासाठी पीपीएफ लागतं, आणि ते महाग आहे. एक्सप्रेस वेवर रोजचं येणं-जाणं असेल तर पुढच्या भागापुरतं पीपीएफ समजू शकतो. दोन्हींसाठी बाहेरच्या चांगल्या डिटेलिंगवाल्याचं कोटेशन आधी घ्या, मग शोरूमशी बोला. आणि हा शौक आहे हे स्वतःशी कबूल करा. शौक वाईट नाही, पण तो घरच्या पैशातून करा, धंद्याच्या नाही.

*अंडरबॉडी कोटिंग.* आजच्या गाड्यांना गंजरोधक प्रक्रिया कारखान्यातच होते. रत्नागिरी, मालवण, अलिबागसारख्या खाऱ्या हवेत राहत असाल तर आधी पुस्तिकेत गंजाची वॉरंटी किती वर्षांची आहे ते बघा, आणि बाहेरून कोटिंग केल्यास ती टिकते का ते लेखी विचारा.

*टायर आणि की कव्हर.* साध्या पॉलिसीत नुसता टायर फुटला तर काही मिळत नाही, हे खरं. पण एका टायरच्या बिलाने पगार हुकतो का? नाही ना? मग सोडा. रोज खड्ड्यांच्या रस्त्यावरून साइटवर जाणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरने मात्र टायर कव्हरचा विचार जरूर करावा.

*काळी फिल्म.* "सगळे लावतात" म्हणून लावू नका. पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, असा नियम आहे. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टानेही काळ्या फिल्मविरुद्ध निकाल दिला. चलान डीलरच्या नावाने येत नाही.

एक अपवाद सांगतो. डॅशकॅम किंवा साउंड सिस्टिमसारखी जी वस्तू गाडीच्या वायरिंगला हात लावते, ती दोन पैसे जास्त देऊन अधिकृत ठिकाणीच बसवा. बाहेर वायर कापली आणि उद्या इलेक्ट्रिकल बिघाड झाला, तर वॉरंटीच्या वादात तुमची बाजू लंगडी पडते.

चार वाक्यं ऐकू आली की सावध व्हा

*"इन्शुरन्स आमच्याकडूनच घ्यावा लागेल."* विमा कुठून घ्यायचा हा हक्क तुमचा आहे. विमा नियामक आयआरडीएआयने डीलरांसाठी २०१७ मध्ये जे नियम आणले, त्यांनुसार डीलर सक्ती करू शकत नाही. कॅशलेसचंही तसंच, ते विमा कंपनी आणि वर्कशॉपच्या करारावर अवलंबून असतं, पॉलिसी कोणी विकली यावर नाही. तुमच्या वर्कशॉपशी कोणत्या कंपन्यांचा करार आहे ते विचारा आणि बाहेरून दोन कोटेशन आणा. मात्र तेच कव्हर, तोच आयडीव्ही धरून तुलना करा.

*"सर, कंपनीच्या नावावर घ्या, सगळं टॅक्समध्ये जाईल."* १३ सीटपर्यंतच्या प्रवासी गाडीवरच्या जीएसटीचं क्रेडिट सर्वसाधारण धंद्याला मिळत नाही. टॅक्सी, ड्रायव्हिंग स्कूल, गाड्यांची विक्री हे अपवाद. अशा गाडीच्या विम्याचं आणि दुरुस्तीचंही मिळत नाही. इन्कम टॅक्समध्ये गाडीवर घसारा मिळतो, तो वर्षाला १५ टक्के. आणि पूर्ण खर्च दाखवता आला तरी ३० टक्के टॅक्स भरणाऱ्याचे लाखातले ७० हजार जातातच. टॅक्स वाचवायला खर्च करणं म्हणजे रुपया देऊन तीस पैसे परत आणणं.

*"लोनमध्येच टाकू, ईएमआयमध्ये जाणवणार पण नाही."* समजा ३ लाखांचे ॲड-ऑन ९ टक्क्यांनी ५ वर्षांच्या कर्जात टाकले. हप्ता साधारण ६,२२८ रुपये, एकूण परतफेड सुमारे ३ लाख ७४ हजार. सिरॅमिकची चमक उतरली तरी हप्ता चालूच. माझा नियम असा, की जे ॲड-ऑन रोख घ्यायला हात आखडतो, ते घ्यायचंच नाही.

*"हँडलिंग चार्ज लागतोच."* प्रत्येक ओळीची पावती मागा. रोड टॅक्स आणि रजिस्ट्रेशनची सरकारी पावती असते, विम्याची पॉलिसी असते, फास्टॅगचा हिशोब असतो. ज्या ओळीला पावती नाही, ती ओळ खोडायला सांगा. १० लाखांवरच्या गाडीला १ टक्का टीसीएस लागतो, तो मात्र खर्च समजू नका. फॉर्म सांभाळा, रिटर्नमध्ये तो वळता होतो.

या आठवड्याचं काम

गाडी बुक केली असेल, तर डिलिव्हरीच्या किमान तीन दिवस आधी सुटं-सुटं कोटेशन ईमेलवर मागवा. ते ऑफिसमध्ये, आपल्या खुर्चीत बसून वाचा. प्रत्येक ओळीसमोर तीन गोष्टी लिहा: बाहेर किती रुपयांना मिळतं, नाही घेतलं तर जास्तीत जास्त किती रुपयांचा फटका, आणि त्या फटक्याने पगाराची तारीख हुकेल का. अकाउंटंटला शेजारी बसवा, तो पेढे खाऊन सही करत नाही. डिलिव्हरीच्या दिवशी नवीन काहीही घ्यायचं नाही, हे घरच्यांनाही आधीच सांगून ठेवा.

काही जण म्हणतील, "सर, एवढी वर्षं कष्ट केले, आता गाडी घेतानाही हिशोबच करायचा का?" माझं उत्तर "हो" असं आहे. गाडी जरूर घ्या, मस्त घ्या, रंग बायको-मुलांच्या आवडीचा घ्या. पण तुमच्या युनिटमध्ये पंधरा माणसं असतील, तर त्या पंधरा घरांचं महिन्याचं गणित तुमच्या सहीवर चालतं. वाचलेल्या दोन लाखांत एखाद्या मशीनचं डाउन पेमेंट होतं, दिवाळीचा बोनस वेळेवर होतो, किंवा एखाद्या पार्टीचं पेमेंट अडकलं तर महिनाभर दम धरता येतो.

तुमच्या हातात आत्ता कोटेशन असेल, तर त्यातल्या ओळींना ही कसोटी आजच लावून बघा. आणि या पाडव्याला गाडी घेणारा मित्र असेल, तर त्याला हे डिलिव्हरीच्या आधी पाठवा. नंतर पाठवलंत तर तो तुमच्यावर चिडेल!