अ‍ॅडमिनला कुणी निवडलं?

ठाण्यातल्या एका सोसायटीतला प्रकार वाचकाने कळवला आहे. इमारतीच्या रंगकामाचं कंत्राट कुणाला द्यायचं, हे तिथे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोल टाकून ठरलं. रात्री उशिरा पोल पडला, सकाळच्या चहाच्या आत निकाल लागला आणि दुपारी कंत्राटदाराला आगाऊ रकमेचा चेक गेला. पोल टाकणारे अ‍ॅडमिन सोसायटीचे सभासदच नाहीत. फ्लॅट विकून ते केव्हाच बदलापूरला राहायला गेले. पण ग्रुप त्यांनी काढलेला, त्यामुळे कारभार अजून त्यांच्याकडेच. समितीत कुणाला हे खटकलं नाही, कारण माणूस कामसू आहे!

मेंटेनन्स, पार्किंग, गळती हे या सदराचे ठरलेले विषय. पण हल्ली कुठल्याही तक्रारीच्या मुळाशी गेलं की तिथे एक ग्रुप सापडतो. भांडण ग्रुपवर पेटलेलं असतं, निर्णय ग्रुपवर झालेला असतो आणि उपनिबंधकांकडे जायची वेळ आली की हातात असतो एक स्क्रीनशॉट. सोसायटीची सर्वसाधारण सभा आपण बसल्या जागी ग्रुपवर हलवली आहे. सभा हलली, पण तिचे नियम काही तिच्याबरोबर गेले नाहीत. तिथे नियम कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीचे चालतात.

आपले नियम काय आहेत ते एकदा आठवून पाहा. आदर्श उपविधींप्रमाणे वार्षिक सभेची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी द्यायची, विशेष सभेची पूर्ण ५ दिवस आधी. नोटिशीसोबत विषयपत्रिका. गणपूर्तीसाठी एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यातला जो आकडा लहान असेल तो. (‘गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब’ हे महाराष्ट्राच्या सहकार चळवळीतलं सगळ्यात लोकप्रिय वाक्य असावं.) एका सदनिकेला एक मत. मुखत्यारपत्र घेऊन आलेल्या मेव्हण्याला सभेत बसता येत नाही. जे ठरलं त्याचं इतिवृत्त लिहायचं आणि ते पाहायला मागण्याचा सभासदाला हक्क. वाचायला रटाळ वाटतं खरं, पण यातली प्रत्येक अट कुठल्या तरी जुन्या भांडणातून आलेली आहे. कुणाला तरी न कळवता सभा घेतली गेली असणार, कुणी तरी एका घरातून तीन हात वर केले असणार.

आता पोल घ्या. ही सोय व्हॉट्सअ‍ॅपवर आली २०२२ च्या अखेरीस. सहलीला कुठे जायचं, गणपतीत जेवणाचा बेत काय ठेवायचा, यासाठी ती उत्तम आहे. पण पोल मोजतो तो नंबर. त्याला सदनिका माहीत नाही. नवरा-बायको दोघं ग्रुपवर असले तर त्या घराची दोन मतं. भाडेकरू ग्रुपवर असला तर त्याचंही मत, आणि न्यू जर्सीत बसलेल्या मुलाचंही. एकाहून अधिक पर्याय निवडायची मुभा पोल टाकतानाच चालू असते, ती आठवणीने बंद करावी लागते. एकदा दिलेलं मत नंतर बदलता येतं, तेव्हा निकाल नेमका कोणत्या क्षणाचा धरायचा हा प्रश्नच आहे. शिवाय कुणी कशाला मत दिलं ते सगळ्यांना नावानिशी दिसतं. सचिवांच्या भाच्याच्या कोटेशनविरुद्ध मत द्यायचं आणि रात्री लिफ्टमध्ये सचिवांबरोबर सहा मजले चढायचे, हे धाडस फार थोड्यांकडे असतं.

याहून मोठा मामला अ‍ॅडमिनचा. फक्त अ‍ॅडमिननेच मेसेज टाकावेत अशी सोय २०१८ साली आली. सूचना देण्यासाठी ती सोयीची आहे, वादच नाही. पण लिफ्टच्या खर्चाचा हिशेब कुणी मागितला आणि पाच मिनिटांत ग्रुप ‘ओन्ली अ‍ॅडमिन’ झाला, हा अनुभव आता इतका सार्वत्रिक आहे की त्याचं कुणाला काही वाटेनासं झालं आहे. सभेत अध्यक्षाला असं करता येतं का? तो सभासदाला थांबवू शकतो, विषयाला धरून बोला म्हणू शकतो, फार तर सभा तहकूब करू शकतो. सगळ्या सभागृहाची तोंडं एका बटणाने बंद करून आपण एकट्याने बोलत राहणं त्याला शक्य नाही. पुढे २०२२ मध्ये दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांच्याच फोनवरून पुसण्याचा अधिकारही अ‍ॅडमिनला मिळाला. तिथे ‘अ‍ॅडमिनने मेसेज काढला’ एवढी खूण उरते, मजकूर जातो. इतिवृत्ताच्या वहीतलं पान फाडलं तर निदान दोऱ्यापाशी कागदाचा तुकडा राहतो आणि पानांचे आकडे चुकतात.

अधिकार असा वाढत गेला, जबाबदारीचं काय? मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात निकाल दिला. ग्रुपवर एखाद्या सदस्याने आक्षेपार्ह मजकूर टाकला, तर केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून अ‍ॅडमिनला त्यासाठी जबाबदार धरता येणार नाही. आधी संगनमत होतं हे दाखवावं लागेल. न्यायालयाचं एक कारण असं होतं की अ‍ॅडमिनच्या हातात फार काही नसतं. तो माणसं घेऊ शकतो, काढू शकतो, पण कुणी काय टाकावं हे आधी तपासू शकत नाही. निकाल रास्तच आहे. दुसऱ्याच्या पत्रातल्या मजकुरासाठी पोस्टमनला तुरुंगात टाकू नये. पण त्यानंतर दुसऱ्याचं लिहिलेलं पुसण्याचं खोडरबर अ‍ॅडमिनला मिळालं आणि हिशेबाची वही मात्र कुणी त्याच्यापुढे ठेवली नाही. समितीचा अध्यक्ष निवडून येतो, त्याच्यावर अविश्वास आणता येतो, लेखापरीक्षक त्याला प्रश्न विचारतो. अ‍ॅडमिन मात्र अ‍ॅडमिन होतो, कारण ग्रुप काढायचं त्याला सगळ्यांच्या आधी सुचलं.

इथे पुण्याच्या सार्वजनिक सभेची आठवण होते. १८७० साली ती स्थापन झाली तेव्हा सभासद व्हायचं तर निदान ५० प्रौढ माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. आपण कुणाच्या वतीने बोलतो आहोत हे आधी सिद्ध करा, मग बोला. परकं सरकार डोक्यावर असताना त्या मंडळींना प्रतिनिधित्वाची एवढी चाड होती. आपण दीडशे वर्षांनी एका बटणावर भागवतो.

सभेतून रागाने उठून जाण्यालाही एक मान होता. सभात्याग केला की इतिवृत्तात नोंद होई. अगदी व्हॉट्सअ‍ॅपवरसुद्धा सुरुवातीला ‘अमुक लेफ्ट’ अशी ओळ सगळ्यांना दिसायची आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात चार जण ‘काय झालं हो?’ म्हणून विचारायचे. २०२२ पासून ते जाणं मुकाट्याने होतं. त्या वेळी कळतं ते फक्त अ‍ॅडमिनला. जाणाऱ्याची सोय झाली, निषेध मात्र बुडाला. उलट नव्याने घर घेतलेल्या माणसाला ग्रुपवर आधी काय काय ठरलं ते आपोआप दिसत नाही. ‘पार्किंगचं मागेच ठरलंय’ हे त्याला ऐकून घ्यावं लागतं. कुठे ठरलं, ते विचारलं तर वर स्क्रोल करा म्हणतात. त्यात कुणी मेसेज ९० दिवसांनी आपोआप जावेत असं लावून ठेवलं असेल, तर स्क्रोल करायलाही काही उरत नाही.

या सोयी आपल्या सोसायट्या डोळ्यांपुढे ठेवून झालेल्या नाहीत, आणि त्याबद्दल कंपनीला दोष देण्यातही अर्थ नाही. ग्रुपमधल्या माणसांची मर्यादा २०१६ मध्ये २५६ झाली, २०२२ मध्ये ५१२ आणि त्याच वर्षी १०२४. धंद्याचा हिशेब आहे तो. कधी कधी आपल्याकडची एखादी भीषण घटनाही बदलाला कारण होते. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना ठार केलं. अफवा मोबाइलवरून पसरल्या होत्या. देशभर अशा घटना घडत होत्या. त्याच महिन्यात भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आली. ते गरजेचंच होतं. पण ही मर्यादा पुढे ढकललेल्या मजकुराला. ‘बी विंगमध्ये रोज एक अनोळखी माणूस येतो’ हे स्वतःच्या बोटांनी लिहिणाऱ्याला कुठलंही बटण अडवत नाही.

ग्रुपची बाजूही मांडली पाहिजे, आणि ती लंगडी नाही. लॉकडाऊनमध्ये औषधं, दूध, ऑक्सिजनचा सिलिंडर ग्रुपवरच मिळाला. टँकर उशिरा येणार हे वॉचमनने रजिस्टर घेऊन दारोदारी सह्या मागत सांगायचं, त्यापेक्षा एक ओळ पुरते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सर्वसाधारण सभा हा बहुतेक ठिकाणी निवृत्त पुरुषांचा मेळावा असतो. रविवारी सकाळी गच्चीवर वीस खुर्च्या आणि त्यात दोन बायका. नोकरी, डबे, मुलांचा अभ्यास यांतून सवड न मिळणारी बाई ग्रुपवर रात्री अकराला नेमका प्रश्न विचारते आणि समितीला घाम फुटतो. भाडेकरूला सभेत जागा नाही, पण पाणी तर त्यालाही येत नाही. त्याला बोलायला दुसरी जागा कुठली? म्हणून ग्रुप बंद करा म्हणणाऱ्यांत मी नाही. तिथे बोलू द्यावं, हवं तेवढं. ठरवू मात्र नये.

कारण रंगाचं कंत्राट हा किरकोळ विषय झाला. पुनर्विकासाच्या वेळी घरच पणाला लागलेलं असतं. सहकार कायद्याच्या कलम ७९(अ) खाली शासनाने ४ जुलै २०१९ ला काढलेल्या मार्गदर्शक सूचना पाहिल्या तर किती काळजी घेतली आहे ते कळतं: दोन तृतीयांश सभासदांची हजेरी, ५१ टक्क्यांची संमती, सभेचं चित्रीकरण, विकासक निवडताना निबंधकांकडून आलेला अधिकारी समोर. प्रत्यक्षात काय होतं? सभेच्या आधीच ग्रुपवर एका बिल्डरची पीडीएफ फिरते, खाली अंगठ्यांची रांग लागते, शंका काढणाऱ्याला ‘विकासविरोधी’ ठरवलं जातं आणि तो गप्प बसतो. मग सभा भरते, कॅमेरा चालू होतो, आणि आधीच झालेल्या निर्णयाचं चित्रीकरण होतं. कागद सगळे बरोबर असतात.

थकबाकीदारांची यादी ग्रुपवर टाकणाऱ्या खजिनदारांनाही एक सांगायचं आहे. काचेच्या फलकावरची यादी इमारतीतले लोक वाचतात. ग्रुपवरची यादी दहा मिनिटांत त्या माणसाच्या मुलीच्या सासरी पोचते. वसुलीसाठी कायद्यात मार्ग आहे, तो वापरा.

उपाय खर्चिक नाही. एक ग्रुप फक्त सूचनांचा ठेवा. त्यावर निवडून आलेलेच अ‍ॅडमिन, निदान दोघं, आणि समिती बदलली की तेही बदलावेत. दुसरा ग्रुप बोलण्यासाठी, तो कधीही ‘ओन्ली अ‍ॅडमिन’ करायचा नाही. कुणाचा मेसेज पुसला, कुणाला काढलं तर त्याचं कारण समितीच्या पुढच्या बैठकीत नोंदवायचं. पैसे, कंत्राट, पार्किंग आणि पुनर्विकास यांवर पोल नाही. हे सगळं सर्वसाधारण सभेच्या ठरावाने करा, म्हणजे उद्या अ‍ॅडमिन बदलला तरी नियम राहतील.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि विषयपत्रिका त्याच्या किमान चौदा दिवस आधी निघते. तेव्हा ‘सोसायटीच्या ग्रुपचे नियम’ हा विषय त्यात यावा असं पत्र सचिवांना आत्ताच द्या. ग्रुपवर टाकू नका. कागदावर द्या आणि पोच घ्या.