साखळी गेली, पट्टा आला

सासऱ्याने जावयाच्या वस्तूला हात लावू नये, असे आमच्या मातोश्री सांगत. त्यांचा रोख पानाच्या डब्यावर असे; बर्फावर धावणाऱ्या फटफटीचा त्यांनी विचार केला असण्याचा संभव नाही. पण नियम तो नियम, आणि गेल्या फेब्रुवारीत तो मी मोडला.

लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही उभयता कॅनडात रेव्हलस्टोक या गावी गेलो होतो. जावई तिथे धरणावर नोकरीला आहेत. गाव टुमदार. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, कोलंबिया नदीच्या काठी, दोन्ही अंगांना सेल्कर्क आणि मोनाशी पर्वत. बर्फ किती पडावा? गावाजवळच्या माउंट कोपलंडवर १९७१-७२ च्या हिवाळ्यात २४ मीटरहून अधिक पडल्याची नोंद आहे. म्हणजे सात-आठ मजली इमारत गच्चीसकट गडप! आमच्या सौ.ने खिडकीतून बाहेर एकदा पाहिले, “कपडे वाळत कुठं घालायचे?” एवढेच विचारले आणि ती डिंकाच्या लाडवांकडे वळली.

नातू झाला. बाळ-बाळंतिणीच्या खोलीत मला मज्जाव, स्वयंपाकघरात मी अडगळ, घराबाहेर उणे दहा. राहता राहिले गॅरेज. तिथे ती फटफटी उभी होती. तिला स्नोमोबाइल म्हणतात, पण तिकडची मंडळी नुसते ‘स्लेड’ म्हणतात. पुढे दोन स्की, मध्ये टू-स्ट्रोक इंजिन आणि मागे चाकांऐवजी एक लांबलचक रबरी ट्रॅक. डोंगरावरच्या गाडीचा ट्रॅक फार लांब असतो आणि त्यावर अडीच-तीन इंच उंच रबरी पात्या असतात. भुसभुशीत बर्फात त्या वल्ह्यासारख्या चालतात.

“एवढ्या पैशात एक बरी मोटार आली असती,” मी म्हणालो. सासऱ्याने असे काहीतरी म्हणायचेच असते.

जावई हसले आणि त्यांनी मला क्वेबेक प्रांतातल्या व्हॅल्कूर गावच्या एका मेकॅनिकची हकीकत सांगितली. जोसेफ-आर्मां बोंबार्डिए त्याचे नाव. बर्फावर चालणाऱ्या गाडीची खटपट तो तरुणपणापासून करीत होता. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या दुखण्याने अत्यवस्थ झाला. रस्ते बर्फाने बंद, इस्पितळ दूर, आणि गाडी अजून तयार नव्हती. मूल गेले. पुढे १९३७ साली त्याने दात्यांचे चाक आणि त्यावर फिरणारा रबरी ट्रॅक यांचे पेटंट मिळवले, सात माणसे बसतील अशी गाडी काढली, आणि १९५९ साली एका-दोघांसाठी छोटी ‘स्की-डू’ आणली. सौ. दारात उभी राहून ऐकत होती. ती काही बोलली नाही. आत पाळण्यापाशी जाऊन बसली. मीही मोटारीचा विषय पुन्हा काढला नाही.

आता मुद्द्याचे. या गाडीत इंजिनाची ताकद आधी एका पट्ट्यावरून जाते. आपल्याकडच्या गिअर नसलेल्या स्कूटरमध्ये असतो तसला. तिथून ती वरच्या एका दांड्यावर येते आणि वरच्या दांड्यावरून खालच्या दांड्यावर उतरते. खालचा दांडा ट्रॅक फिरवतो. वरून खाली उतरण्याचे काम परंपरेने साखळी करते: वर लहान चाक, खाली मोठे, दोन्हींना दाते. समजा वर २० दाते आणि खाली ४०. म्हणजे वेग निम्मा, जोर दुप्पट. हे सगळे एका बंद पेटीत, पाव लिटरच्या आसपास तेलात बुडलेले. साखळी ताणून धरायला आत एक टेकू.

जावयांना ही पेटी काढून तिथे दातेरी पट्टा बसवायचा होता. २०१३ सालच्या मॉडेलपासून पोलारिस कंपनीने डोंगरी गाडीत असा पट्टा कारखान्यातूनच द्यायला सुरुवात केली. जुन्या गाड्यांसाठी तयार संच मिळतात, तसा त्यांनी मागवला होता. किंमत त्यांनी डॉलरांत सांगितली, मी मनातल्या मनात रुपये केले. आकडा छापत नाही, कारण हा अंक आमच्या व्याह्यांकडेही जातो.

“पण साखळीचं काय वाईट आहे?” मी विचारले.

“वजन, बाबा. पोलादी साखळी, पोलादी चाकं, पेटी, तेल. काही किलो कमी होतात. आणि फिरणारं वजन कमी झालं की इंजिन चटकन उठतं. डोंगरावर हवा विरळ. दर हजार फुटांना इंजिनाची ताकद तीनेक टक्क्यांनी घटते. तेल बदलायची, साखळी ताणायची कटकट नाही, ते वेगळंच.”

माझी हयात परळच्या एका कापडगिरणीच्या वर्कशॉपमध्ये गेली. पट्ट्यांचा मला लळा आहे. छताशी एकच लांब दांडा फिरतो आहे, त्यावरून खाली प्रत्येक यंत्राला पट्टा उतरला आहे, आणि त्या सर्वांचा मिळून एक फट्-फट् आवाज, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, कानांनी तर आजही ऐकतो. त्यामुळे जावयांनी “बाबा, जरा बॅटरी धरता का?” म्हटले तेव्हा मी बॅटरी धरली खरी, पण नुसती बॅटरी धरण्याचा माझा पिंड नव्हे.

शुक्रवारी काम चालले. उजव्या अंगाचे झाकण काढले, धुराचा नळा काढला, पेटीतले काळे तेल भांड्यात ओतले. झाकणाच्या लोहचुंबकाला बारीक लोखंडी कीस चिकटला होता. तो पाहून मला साखळीविषयी आदर वाटला. बिचारी झिजते, पण झिजत असल्याचे सांगते. ढिली पडली तर खडखडते. पट्टा तसा नाही. तो चालतो तोवर मुकाट चालतो.

हे मी बोलूनही दाखवले. जावई म्हणाले, “खरंय. आणि तो तुटला तर गंमत अशी की ब्रेकही जातो.”

ब्रेकची थाळी या गाडीत वरच्या दांड्यावर होती. (काही गाड्यांत ती खालच्या दांड्यावर असते.) पट्टा तुटला की वरच्या दांड्याचा ट्रॅकशी संबंध संपला. ब्रेक दाबा, दांडा थांबेल. ट्रॅकला त्याचे काही सोयरसुतक नाही. साखळी तुटली तरी हेच होते. सपाटीवर काही बिघडत नाही. उभ्या चढणीवर इंजिन किंचाळत राहते आणि गाडी माणसासकट मागे यायला लागते. यातली ‘गंमत’ मला कळली नाही.

तेवढ्यात जावयांना फोन आला आणि ते आत गेले. नवा पट्टा पाकिटातून काढून बाकावर ठेवला होता. रुंद, काळा, आतून दातेरी. मी तो उचलला आणि चाळीस वर्षे जे केले तेच केले. पट्टा हातात आला की मुडपायचा, उलटा करायचा, बोटांच्या चिमटीत दाबत वीतवीतभर पुढे सरकायचे. भेग असेल तर तिथे तोंड उघडते. चांगला गोल फेरा पुरा केला. भेग नव्हती. पुन्हा सुलटा करून जागच्या जागी ठेवला. जावई आले, आम्ही दोन्ही चाके आणि पट्टा एकदमच दांड्यांवर सरकवले (लांबी ठरलेली असते, मागाहून चढवता येत नाही), नट ठरल्या जोराने आवळले. उद्या पहाटे ते मित्रांबरोबर डोंगरावर जाणार होते.

जेवताना लेकीने विचारले, “बाबा, सगळं नीट बसलंय ना? तुम्ही पाहिलंत ना?”

“मी स्वतः पाहिलाय पट्टा,” मी म्हणालो. लेक निश्चिंत झाली. बाळंतपणानंतर प्रथमच ती पोटभर जेवली, असे सौ. म्हणाली.

रात्री झोप येईना म्हणून वाचायला काहीतरी शोधत होतो. बाकावर संचाबरोबर आलेला सूचनांचा कागद पडला होता. त्यात स्पष्ट लिहिले होते: पट्टा मुडपू नये, पिळू नये, उलटा करू नये. कारणही होते. त्याच्या आत कार्बनच्या तंतूंचे दोर असतात. ओढीला ते हटत नाहीत, पण चिमटीत दुमडले की आतल्या आत मोडतात. बाहेरून काहीही दिसत नाही. पट्टा चालतो, आणि एक दिवस भर जोरात असताना तुटतो.

मी दिवा मालवला. अंधारात फार वेळ बसलो. कोणी पाहिले नव्हते. मनाने नाना वकिली केली: कदाचित काहीच मोडले नसेल; इतका जोर आता माझ्या बोटांत तरी कुठे आहे; उद्या विषय काढला तर लेक घाबरेल, दूध आटेल. चाळीस वर्षांचा अनुभवी माणूस आणि कागद न वाचता हात घालतो, हे जावयासमोर कसे सांगायचे? पलीकडच्या खोलीत नातू रडला, मग गप्प झाला.

साडेचारला स्वयंपाकघरात उजेड दिसला. जावई थर्मासमध्ये चहा भरत होते. छातीवर ते हिमकड्याखाली गाडले गेल्यास माग काढणारे यंत्र बांधलेले. तिकडे त्याशिवाय कोणी डोंगरात जात नाही, कारण बर्फाखालच्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढले तरच खरी आशा.

“जावईबापू,” मी म्हणालो, “तो पट्टा मी उलटा करून पाहिला. मुडपून.”

ते थांबले. “कधी?”

“तुम्ही फोनवर होतात तेव्हा. सगळा फेरा.”

थर्मासचे झाकण त्यांनी फिरवून बसवले, पुन्हा उघडले आणि चहा दोन कपांत ओतला. मग छातीवरचे यंत्र सोडले आणि मित्रांना फोन केला. काय कारण सांगितले ते मी ऐकले नाही. मुद्दाम नळ सोडला होता. एक शब्दही ते मला वावगे बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

त्या शनिवारी मित्र जाऊन सुखरूप आले. बर्फ उत्तम होता म्हणे. जावई घरी बाळाचे लंगोट धुवत होते.

नवा पट्टा पुढच्या आठवड्यात आला. पैसे मी देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. जुना गॅरेजमध्ये खिळ्याला टांगला होता. तो मी पुष्कळदा उजेडात धरून पाहिला, कुठे काही खूण नव्हती. नव्याचे पाकीट जावयांनी स्वतः उघडले, मला लांबून दाखवले आणि बॅटरी माझ्या हाती दिली.

“धरा, बाबा,” ते म्हणाले. “दोन्ही हातांनी.”